रूळ दोन, गाडी एक

टॅबच्या एकाच पडद्यावर दोन अ‍ॅप्स शेजारी शेजारी चालावीत का? प्रश्न यंत्राचा वाटतो, पण घरोघरी तो अभ्यासाचा, पैशांचा आणि विश्वासाचा होऊन बसतो. भिलाईच्या पावर हाउस बाजारात सुरू होणाऱ्या अशाच एका वादाची ही उकल.

नागपूरकडून हावडा मार्गाने निघालं, की दुर्ग मागे पडल्यावर थोड्याच वेळात एक स्टेशन लागतं. नाव मोठं गमतीचं, भिलाई पावर हाउस! स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की बाजारच सुरू होतो. जवाहर मार्केट, सर्क्युलर मार्केट, नंदिनी रोड. साडीपासून सायकलपर्यंत आणि कुकरच्या शिट्टीपासून मोबाइलच्या काचेपर्यंत सारं काही इथे मिळतं. रेल्वेच्या एका अंगाला पोलाद कारखान्याची सेक्टरं, दुसऱ्या अंगाला कॅम्पची वस्ती. दोन्हीकडच्या गृहिणी खरेदीला येणार त्या पावर हाउसलाच.

भिलाईचा कारखाना उभा राहिला तो सोव्हिएत रशियाच्या मदतीने. करार १९५५ सालचा. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. नोकरीसाठी देशभरातून माणसं आली, त्यात विदर्भातली मराठी कुटुंबंही आली आणि इथलीच होऊन गेली. आज या गावाला पोलादाइतकीच आणखी एक ओळख आहे, ती आय.आय.टी.च्या प्रवेश परीक्षेच्या तयारीची. २०१६ साली तर खुद्द आय.आय.टी.च भिलाईच्या नावाने सुरू झाली.

तर अशा गावातलं एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. वडील कारखान्यात, झोतभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये, शिफ्टच्या ड्यूटीवर. आई घरातून डबे पुरवते. बाहेरगावाहून कोचिंगसाठी आलेल्या पोरांचे बारा-पंधरा डबे. मुलगा अकरावीत. क्लास संध्याकाळचा, पण रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, टेस्ट पेपर आणि नोट्स सगळं मोबाइलवर येतं. मोबाइल आईचा, पडदा वीतभर. म्हणून टॅब घ्यायचा ठरलं आणि मायलेक पावर हाउसच्या दुकानात येऊन उभे राहिले.

काउंटरवर दोन टॅब. एक आठ इंची, स्वस्तातला. दुसरा अकरा इंची, चार हजारांनी महाग.

‘‘आई, हा मोठा घेऊ. याच्या स्क्रीनचे दोन भाग होतात. इकडे सरांचं लेक्चर, तिकडे माझी वही.’’

‘‘आणि वहीच्या जागी मॅच लावलीस, तर मला स्वयंपाकघरातून काय दिसणार आहे?’’

‘‘आई, तू ना...’’

‘‘भाभीजी, आजकल सब में आता है,’’ दुकानदार मध्ये पडला.

‘‘भैया, सगळ्यांत येतं म्हणून आपण घ्यायचं का?’’

मुलगा गप्प झाला. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आईचा प्रश्न मात्र काउंटरवर तसाच राहिला. चार हजार रुपये म्हणजे तिचे डब्यांचे कष्ट. वर परीक्षेची दोन वर्षं. ही सोय मुलाच्या उपयोगाची, की त्याला बिघडवणारी?

टॅब एकमार्गी का होता?

आईची शंका काही जुनाट नाही. टॅब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनाही बरीच वर्षं हीच शंका होती.

संगणकावर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडणं ही तशी जुनी गोष्ट. मायक्रोसॉफ्टने १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आणली, तेव्हा तिच्या खिडक्या फरशांसारख्या एकमेकींना लागून बसत. एकीवर दुसरी चढायची मुभा १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली. म्हणजे शेजारी शेजारी हीच मूळची रीत!

पण २०१० साली अ‍ॅपलचा आयपॅड आला तो मुद्दाम वेगळ्या वाटेने. एका वेळी एकच अ‍ॅप, तेही पडदाभर. वाचायचं तर वाचा, पाहायचं तर पाहा. लहान मुलापासून आजोबांपर्यंत कुणालाही न शिकवता जमलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. टॅब इतक्या झटपट घराघरांत शिरला, त्याचं बरंचसं श्रेय या साधेपणाला जातं.

मग लोक त्यावर काम करू लागले आणि अडचण कळू लागली. सॅमसंगने २०१२ साली गॅलेक्सी नोट १०.१ या टॅबवर पडदा दुभागून दाखवला. सुरुवातीला मोजकीच अ‍ॅप्स अशी शेजारी बसू शकत. त्याच वर्षी विंडोज ८ ने टॅबवर एका कडेला दुसरं अ‍ॅप चिकटवायची सोय दिली. अ‍ॅपलने २०१५ च्या सप्टेंबरात आय.ओ.एस. ९ बरोबर ‘स्प्लिट व्ह्यू’ आणला, पण तो मोजक्याच नव्या आयपॅडवर चाले. गुगलने २०१६ साली अँड्रॉइड ७ मध्ये ही सोय मुळातच घातली. पुढे अ‍ॅपलने २०२५ च्या आयपॅड ओ.एस. २६ मध्ये तर संगणकासारख्या सरकत्या, लहानमोठ्या होणाऱ्या खिडक्या आणल्या. ‘एका वेळी एकच’ म्हणणारी कंपनी पंधरा वर्षांत इथवर आली!

आपल्याकडची गोष्ट आणखी निराळी. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा स्वस्त टॅब सादर केला. पडदा सात इंची, मेमरी २५६ एम.बी. त्यावर एक अ‍ॅप नीट चाललं तरी पुष्कळ, दुसऱ्याचं नाव कशाला? पुढच्याच वर्षी ‘आकाश-२’ आला, त्याच्या कामात मुंबईची आय.आय.टी. पुढे होती. तेव्हाचा प्रश्न होता, प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती टॅब कसा पोहोचेल? महाराष्ट्रात आज निदान काही विद्यार्थ्यांपुरतं त्याचं उत्तर मिळालं आहे. नागपूरची ‘महाज्योती’ ही संस्था इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जे.ई.ई., नीट आणि सी.ई.टी.च्या ऑनलाइन शिकवणीसाठी टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा मोफत देत आली आहे. आता पुढचा प्रश्न उभा आहे. हातात आलेल्या टॅबवर मुलगा नेमका अभ्यास कसा करतो?

कीर्द आणि खतावणी

अभ्यास करणारं कुठलंही मूल पाहा. डाव्या हाताला पुस्तक, उजव्या हाताला वही. गणित पुस्तकात, उत्तर वहीत. नजर इकडून तिकडे जाते, पान काही उलटावं लागत नाही. जुन्या पेढीवरचे मुनीमजीही हेच करत. कीर्दीतली रोजची नोंद खतावणीत चढवायची, तर दोन्ही चोपड्या गादीवर उघड्याच हव्यात. एक मिटून दुसरी उघडायची, मग दुसरी मिटून पहिली, असं कुणी केलं असतं तर दिवाळीच्या चोपडीपूजनापर्यंत हिशोब जुळला नसता!

एकमार्गी टॅबवर विद्यार्थ्याची गत या मुनीमजीसारखी होते. लेक्चर थांबवा, बाहेर पडा, नोट्सचं अ‍ॅप उघडा, लिहा, परत या. मधल्या काळात आकडा डोक्यात धरून ठेवावा लागतो. पाच वेळा असं झालं की चार वेळा आकडा ध्यानात राहतो, पाचव्या वेळी ३६ चे ६३ होतात.

यामागे शास्त्र आहे. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून यावर प्रयोग केले. भूमितीची आकृती एकीकडे आणि तिची सिद्धता दुसरीकडे असली, तर विद्यार्थ्याची शक्ती दोहोंची सांगड घालण्यातच खर्च होते, समजण्यासाठी कमी उरते. तीच माहिती आकृतीला लागून मांडली की शिकणं सोपं जातं. माणसाची तात्पुरती स्मरणशक्ती म्हणजे लहानशी ओंजळ. ती नुसतं धरून ठेवण्यात गुंतली, तर विचार करायला हात मोकळे कुठून राहणार?

आईच्या कामातही हेच आहे. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतात. ‘काकू, उद्या दोन पोळ्या जास्त.’ ‘काकू, शनिवारी डबा नको, घरी जातोय.’ ‘काकू, भाजीत कांदा नको.’ हे सारं वाचून ती हिशोबाच्या यादीत उतरवते. एक निरोप वाचायचा, बाहेर पडायचं, यादी उघडायची, लिहायचं, पुन्हा निरोपांकडे यायचं. तेवढ्यात कुणाचा कांदा नको आणि कुणाचा शनिवार नको, याची सरमिसळ होते. सकाळी एखाद्या मुलाचा डबा राहतो आणि दुपारी त्याचा फोन येतो, ‘‘काकू, आज डबा आलाच नाही!’’

म्हणजे दोन खिडक्यांची गरज मुलाच्या आधी आईला आहे. फक्त तिने त्या नजरेने पाहिलेलं नसतं.

मॅच कुठून येते?

पण म्हणून आईची भीती खोटी ठरत नाही. दुभागलेल्या पडद्याला एका बाजूला वही आणि दुसऱ्या बाजूला मॅच, यात काहीच वावगं वाटत नाही. तो दोन्ही सारख्याच इमानाने दाखवतो.

आणि माणूस दोन कामं खरोखर एकाच वेळी करतो, हा मोठा गैरसमज आहे. भाजी चिरता चिरता रेडिओ ऐकता येतो, कारण चिरण्याची हाताला सवय असते. पण गणित सोडवणं आणि गप्पांना उत्तर देणं, ही दोन्ही कामं डोक्याची. तिथे मन एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारतं आणि प्रत्येक उडीला काही वेळ व काही लक्ष खर्च होतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एयाल ओफिर, क्लिफर्ड नास आणि अँथनी वॅग्नर यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच वेळी अनेक माध्यमं चालू ठेवण्याची सवय असलेले विद्यार्थी नको ती माहिती बाजूला सारण्यात मागे पडले. एवढंच नव्हे, तर एका कामावरून दुसऱ्यावर जाण्याच्या चाचणीतही ते मागेच राहिले. ज्याची रोजची सवय, त्यातच कमी! पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. शिवाय सवयीने लक्ष उडतं, की लक्ष उडणारेच अशा सवयीकडे वळतात, हा प्रश्न उरतोच.

भिलाईच्या मुलाला हे जास्त लागू पडतं. जे.ई.ई.ची परीक्षा आता संगणकावर होते. तिथे पडद्यावर प्रश्न असतो, कडेला प्रश्नांच्या क्रमांकांची चौकट असते आणि घड्याळ असतं. कच्चं काम कागदावर. तीन तास दुसरं काहीही नाही. ज्याने दोन वर्षं दर पाच मिनिटांनी शेजारच्या खिडकीत डोकावायची सवय लावून घेतली, त्याला हे तीन तास फार लांबलचक वाटतात.

मग निवाडा काय? या दोन बाजू एकमेकींच्या विरुद्ध दिसतात, पण नीट पाहिलं तर तशा नाहीत. स्वेलर यांच्या प्रयोगात आकृती आणि सिद्धता हे एकाच धड्याचे दोन तुकडे होते. मॅच आणि गणित हे दोन वेगळे धडे. खिडक्या किती, याला महत्त्व नाही. त्या खिडक्यांतून दिसणारं काम एक आहे की दोन, एवढाच प्रश्न आहे. काम एक असेल तर दोन खिडक्या डोक्यावरचा भार उतरवतात. कामं दोन असतील तर त्याच दोन खिडक्या भार वाढवतात.

सोय द्यावी, पण...

याच कसोटीवर टॅब बनवणाऱ्यांना उत्तर देता येतं. सोय द्यावी, जरूर द्यावी. न दिल्याने मुलं बिघडायची थांबत नाहीत. एकमार्गी टॅबवरही बोट एकदा सरकवलं की लेक्चर जातं आणि मॅच येते. उलट, लेक्चर डोळ्यांआडच होतं! सोय काढून घेतल्याने नुकसान होतं ते वही उघडणाऱ्याचंच.

पण ती अर्धवट दिली तर तिचा त्रासच जास्त. जुन्या अँड्रॉइडवर दोन अ‍ॅप्स दिसत, पण ‘जागं’ एकच असे. वहीला बोट लावलं की काही वेळा शेजारचा व्हिडिओ थांबे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून दोन्ही अ‍ॅप्स जागी राहू लागली. काही अ‍ॅप्स तर शेजारी बसायलाच नकार देत आणि पडदा पूर्ण मागत. २०२५ साली आलेल्या अँड्रॉइड १६ ने या नव्या आवृत्तीसाठी बनवलेल्या अ‍ॅप्सना टॅबसारख्या मोठ्या पडद्यावर असा हट्ट करायला बंदी केली, खेळांचा अपवाद सोडून. हे योग्यच झालं. शिकवणीच्या अ‍ॅपने विद्यार्थ्याला वही उघडू दिली नाही, तर त्या शिकवणीचा उपयोग काय?

सोयीच्या जोडीला कुलूपही हवं. ते आहे, फक्त फार थोड्या घरांना माहीत असतं. आयपॅडवर ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ आणि अँड्रॉइडवर ‘अ‍ॅप पिनिंग’ लावलं, की टॅब एकाच अ‍ॅपला बांधला जातो आणि बाहेर पडायला पासवर्ड किंवा पिन लावून ठेवता येतो. सराव परीक्षेच्या तीन तासांसाठी हे उत्तम. अँड्रॉइडवरच ‘फोकस मोड’ आहे. त्यात निवडलेली अ‍ॅप्स ठरावीक वेळ झोपी जातात, बाकीची शेजारी शेजारी चालू राहतात. लेक्चर आणि वही चालू, मॅच बंद! आईला हवं होतं ते नेमकं हेच. पण फोकस मोड मुलगा स्वतःही बंद करू शकतो, हेही आईने जाणून असावं. यंत्राचं कुलूप तेवढंच मजबूत, जेवढा घरातला शब्द.

दुकानातच पारखून घ्या

‘सब में आता है’ हे दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं. येतं बऱ्याच टॅबमध्ये, उपयोगी पडतं काहींतच. पैसे मोजण्याआधी काउंटरवरच चार गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली गोष्ट, पडद्याचं माप. रुंद ठेवणीच्या आठ इंची टॅबचा पडदा आडवा धरला तर सुमारे १७ सेंटीमीटर रुंद भरतो. दुभागल्यावर एका खिडकीला साडेआठ सेंटीमीटर. त्यात मोबाइलएवढाच मजकूर मावतो, उंचीला तर मोबाइलपेक्षाही कमी. अकरा इंची टॅबवर तीच खिडकी पावणेबारा सेंटीमीटरच्या आसपास जाते. क्लासच्या नोट्स बहुधा ए-फोर कागदाच्या, २१ सेंटीमीटर रुंद. म्हणजे मोठ्या टॅबच्या अर्ध्या पडद्यावरही त्यांची अक्षरं जवळजवळ निम्मी होतात, लहान टॅबवर तर त्याहून बारीक. नोट्सचं एक पान उघडून मुलाला मोठ्याने वाचायला सांगावं. त्याने टॅब नाकाजवळ नेला, तर तो टॅब परत ठेवावा.

दुसरी गोष्ट, मेमरी. दोन अ‍ॅप्स जागी ठेवायची म्हणजे दोघांना जागा हवी. अगदी कमी मेमरीच्या उपकरणांवर अँड्रॉइड ही सोय बहुधा देतच नाही. व्हिडिओ आणि नोट्स शेजारी उघडून पाच मिनिटं चालवावं. व्हिडिओ अडखळला किंवा नोट्सचं पान पुन्हा पहिल्यापासून उघडू लागलं, तर मेमरी पुरत नाही असं समजावं.

तिसरी गोष्ट, टायपिंग. लिहायला बोट लावलं की पडद्यावर की-बोर्ड वर येतो आणि आडव्या टॅबची जवळजवळ निम्मी उंची खातो. मग दोन्ही खिडक्यांच्या फटी उरतात! लिहायचं पुष्कळ असेल तर पेन्सिलीसारखा स्टायलस किंवा वेगळा की-बोर्ड लागतो. त्याचा खर्च आधीच धरावा. नाहीतर शंभर पानी कागदी वही आहेच. टॅबवर लेक्चर आणि शेजारी कागदी वही, हीसुद्धा दोन खिडक्यांचीच मांडणी. शिवाय तिला बॅटरी लागत नाही.

चौथी गोष्ट, मुलाच्या कामाचं अ‍ॅप. जाहिरातीतलं नव्हे, त्याच्या क्लासचंच अ‍ॅप अर्ध्या पडद्यावर चालतं का, हे पाहावं. चालत नसेल तर जादा चार हजार देण्यात हशील नाही.

पॅनेलवरचे काटे

आईने त्या दिवशी टॅब घेतला नाही. ‘‘बाबांना विचारू,’’ म्हणाली. मुलाचं तोंड उतरलं. पहिली शिफ्ट संपवून वडील दुपारी घरी आले. जेवणं झाली आणि दोघांनी आपापली बाजू मांडली.

‘‘अहो, तुम्हीच सांगा. एका वेळी दोन गोष्टी बघून कधी अभ्यास होतो का?’’

वडील हसले. ‘‘अगं, माझ्यासमोर पॅनेलवर किती काटे असतात, माहीत आहे? हवेचा दाब, तापमान, पाणी, गॅस. सगळे एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात. एक बघायला दुसरा झाकावा लागला, तर मी नोकरीच करू शकणार नाही.’’

‘‘बघ आई!’’ मुलगा उसळला.

‘‘थांब. माझं संपलं नाही,’’ वडील म्हणाले. ‘‘काटे कितीही असोत, भट्टी एकच असते. त्या पॅनेलवर आजवर कुणी क्रिकेटचा स्कोअर लावलेला नाही.’’

खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग मुलगाच हळूच म्हणाला, ‘‘बाबा, मी मॅच बघणारच नाही असं नाही म्हणत. पण बघेन तेव्हा मॅचच बघेन.’’

आईने त्याच्याकडे पाहिलं. हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. ‘अजिबात बघणार नाही’ असं तो म्हणाला असता, तर तिचा विश्वास बसला नसता.

दुसऱ्या दिवशी मायलेक पुन्हा पावर हाउसला गेले. या वेळी आईने पर्समधून मुलाच्या नोट्सचं एक छापील पान काढलं आणि टॅबच्या अर्ध्या पडद्यावर तेच पान उघडायला लावून दोन्ही शेजारी धरून पाहिली. क्लासचं अ‍ॅप उघडून घेतलं. व्हिडिओ पाच मिनिटं चालवला. दुकानदार चुळबुळत राहिला, पण ‘भाभीजी, जल्दी कीजिए’ म्हणायची त्याची छाती झाली नाही. मोठा टॅब घेतला. पैसे मोजताना आई म्हणाली, ‘‘हा तुझ्या खोलीत नाही, हॉलमध्ये राहील. आणि रात्री नऊ ते साडेनऊ माझा.’’

‘‘तुझा? कशाला?’’

‘‘एका बाजूला निरोप, एका बाजूला डब्यांची यादी. तूच तर शिकवलंस काल.’’

भिलाईचा कारखाना भारतीय रेल्वेसाठी रूळ बनवतो. त्या रुळांकडे पाहिलं की ही सारी चर्चा सोपी होते. रूळ दोन असतात, कायम शेजारी शेजारी. एकाच रुळावर आपली गाडी चालत नाही, दोन हवेतच. पण त्या दोन रुळांवरून एका वेळी जाते ती एकच गाडी, आणि ती एकाच गावाला जाते. टॅबने मुलाला दोन रूळ द्यावेत. गाडी कुठली सोडायची, हे मात्र त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे.

रात्री साडेनऊला आईने यादी पुरी केली. कांदा नको असलेला मुलगा आणि शनिवारी घरी जाणारा मुलगा, दोघेही आपापल्या जागी बसले होते. तिने निरोपांची खिडकी बंद केली आणि टॅब मुलापुढे सरकवला. त्याने लेक्चर लावलं, शेजारी वही उघडली.

‘‘मी आत जातेय,’’ ती म्हणाली. ‘‘दर पाच मिनिटांनी डोकवायला येणार नाही.’’

आणि ती खरोखरच आली नाही.